विमान आपोआप डावीकडे कलतंय? डेडझोन वाढवण्याआधी हे तपासा

विट्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून जुनी जॉयस्टिक घेतली, दांडा आणि वेगळा थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारी मूठ) असलेली. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि डीसीएस हे विमान उडवायचे दोन गेम चालवतो. हात सोडला तरी विमान डावीकडे कलतं. दांडा पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पाती) दिला की नाक उड्या मारतं. थ्रॉटल अर्ध्यावर आला की इंजिन पूर्ण जोरात. शिवाय मधूनच जॉयस्टिक गायब होते आणि परत येते. डेडझोन (मध्याजवळची दांड्याची जी हालचाल गेम मोजत नाही ती) १५ टक्के करून पाहिला, उपयोग नाही. नवीनच घ्यावी का?

इतक्यात नको. या चार तक्रारींचं मूळ एकच आहे असं धरून चाललात म्हणून घोटाळा झाला. पिळण्याची तक्रार बहुतेक आतल्या भागाची, गायब होण्याची तार किंवा विजेची, थ्रॉटलची गेममधल्या सेटिंगची. आणि डावीकडे कलण्याला तर चार कारणं असू शकतात, त्यातलं एक म्हणजे जॉयस्टिकचा काहीच दोष नसणं. पहिलं काम, दोन्ही गेममधला डेडझोन शून्यावर आणा आणि कर्व्ह (दांडा किती हलला की विमान किती हलेल याची रेषा) सरळ करा. डेडझोन म्हणजे दुखण्यावर घातलेलं पांघरूण. ते काढल्याशिवाय दुखतंय कुठे ते दिसणार नाही.

तपासणी नेहमी खालून वर करायची. आधी जॉयस्टिक, मग तार आणि पोर्ट, मग विंडोज, मग गेम आणि शेवटी ते विशिष्ट विमान. बहुतेक जण गेमपासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत जॉय डॉट सीपीएल असं इंग्रजीत लिहून एंटर मारा. जोडलेल्या जॉयस्टिकची यादी येईल. आपली निवडून प्रॉपर्टीजमध्ये जा. टेस्टच्या पानावर चौकोनात एक फुली दिसते, ती दांड्याबरोबर हलते. थ्रॉटल आणि पिळण्यासाठी पट्ट्या असतात आणि दाबलेलं बटण लाल होतं. हे पान गेमच्या कोणत्याही सेटिंगला विचारत नाही. इथे जे दिसेल तेच बहुतेक गेमच्या हातात पडतं.

आकडे हवे असतील तर सेटिंग्जच्या पानावर कॅलिब्रेट दाबा आणि पुढे येणाऱ्या खिडकीत रॉ डेटा (कच्चे आकडे) दाखवण्याची खूण करा. दहा बिटांच्या जॉयस्टिकमध्ये आकडा ० ते १०२३ असा फिरतो, म्हणजे मध्य ५१२ च्या आसपास. हॉल सेन्सरवाल्या (चुंबकाने दांड्याची जागा ओळखणाऱ्या) थ्रस्टमास्टर टी१६०००एमसारख्या दांड्यात १४ बिट, म्हणजे १६३८४ पायऱ्या असतात. तिथे शेवटचे एक-दोन अंक थरथरले म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. हात सोडल्यावर आकडा कुठे थांबतो. दांडा पूर्ण डावीकडे नेऊन हळूच सोडला तर कुठे थांबतो आणि उजवीकडून सोडला तर कुठे. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा सेकंदांत अगदी सावकाश नेताना आकडा सलग वाढतो की उड्या मारतो.

डावीकडून सोडल्यावर ५०४ आणि उजवीकडून सोडल्यावर ५२०, असं काही आलं तर तो स्प्रिंगचा आणि सांध्याचा ढिलेपणा. कॅलिब्रेशनने (विंडोजला मध्य आणि टोकं नव्याने शिकवण्याने) तो जात नाही. मध्यापासून आठ पायऱ्यांचा फरक, अर्धा पल्ला ५१२ चा, म्हणजे दीड टक्क्याच्या थोडं वर. तिथे २ टक्के डेडझोन द्या, विषय संपला. १५ टक्के दिला की धावपट्टीसमोर बारीक दुरुस्ती करायला जाल तेव्हा विमान आधी काहीच करणार नाही आणि मग एकदम झेप घेईल. दोन्ही बाजूंनी आकडा एकाच जागी, समजा ४७० वर थांबत असेल, तर सांधा ठीक आहे, मध्य सरकलाय. तो कॅलिब्रेशनने दुरुस्त होतो.

कॅलिब्रेट करण्याआधी तिथलंच रीसेट टू डिफॉल्ट दाबा. विंडोज हे आकडे जॉयस्टिकमध्ये नाही, त्या लॅपटॉपमध्ये ठेवतं, त्यामुळे पूर्वी कधी चुकीचं केलेलं कॅलिब्रेशन तसंच चिकटून बसलेलं असतं. मध्य विचारेल तेव्हा हात पूर्ण काढा, दांड्याला बोटसुद्धा नको. काही दांडे जोडल्या क्षणी स्वतःचा मध्य स्वतः ठरवतात. त्यांना विंडोजचं कॅलिब्रेशन करूच नका, रीसेट करून सोडून द्या. मात्र यूएसबी खोचताना दांडा मोकळा हवा. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने पिन खोचली की मध्य चुकलाच, आणि मग तासभर सेटिंग्ज धुंडाळत बसायचं.

आता पिळण्याचं. बऱ्याच स्वस्त जॉयस्टिकमध्ये, आणि हॉल सेन्सरवाल्या काही दांड्यांतसुद्धा, पिळण्याच्या ॲक्सिसला (हालचालीच्या त्या एका दिशेला) साधा पोटेंशिओमीटर, थोडक्यात पॉट, असतो. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला व्हॉल्यूम म्हणतात तोच. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत जाणारी पत्ती. दांडा निम्मा वेळ मध्यावर उभा असतो, म्हणून पट्टा झिजतो तोही मध्यावरच, आणि आकड्यांच्या उड्याही नेमक्या तिथेच दिसतात. पावसाळ्यात तीन-चार महिने पेटीत पडून राहिलेल्या जॉयस्टिकमध्ये पत्तीवर गंज आणि धूळ धरते. महाबळेश्वर-पाटणकडच्या दमट हवेत तर हमखास. म्हणून उघडण्याआधी फुकटचा उपाय करा. दांडा दोन्ही टोकांपर्यंत पन्नासेक वेळा सावकाश पिळा आणि परत आकडे बघा. नुसती घाण असेल तर उड्या निम्म्याने तरी कमी होतील.

नाही झाल्या तर उघडा. बुडाचे स्क्रू कधी रबरी पायांखाली, कधी स्टिकरखाली लपलेले असतात. एक स्क्रू राहिलाय हे न कळता जोर लावला की प्लॅस्टिक फुटतं. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंग दाबलेली असते, ती उडून कपाटाखाली जाते, तेव्हा परातीत ठेवून काम करा. पॉटच्या फटीत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन छोटे फवारे मारा आणि वीसेक वेळा फिरवा. दहा मिनिटं वाळू द्या, मगच यूएसबी जोडा. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलही चालतं, पण पॉटमधलं ग्रीस धुऊन जातं आणि फिरणं खरखरीत होतं. गंज सोडवायचा नेहमीचा तेलकट स्प्रे वापरू नका, त्यावर धूळ चिकटून महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट होतं. सांध्याला वंगण हवं असेल तर सिलिकॉन ग्रीस, मुगाच्या दाण्याएवढं. घरात आहे म्हणून खोबरेल लावणारे भेटतात. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे साताऱ्याच्या डिसेंबरात सकाळी दांडा मधासारखा चालेल.

साफ करूनही उड्या राहिल्या तर पॉट बदला. मल्टिमीटर २० किलो-ओहमवर ठेवा. बाहेरच्या दोन पायांमधला रोध स्थिर हवा, मधला पाय आणि एक बाहेरचा पाय यांतला रोध फिरवताना सलग बदलायला हवा. मध्येच पडद्यावर नुसता १ (म्हणजे रेंजबाहेर) आला तर पट्टा संपला. (रोध २० किलोपेक्षा जास्त निघाला तर मल्टिमीटर सगळीकडेच नुसता १ दाखवेल, तेव्हा वरची रेंज घ्या.) पॉटवर छापलेलं वाचा: बी १० के म्हणजे १० किलो-ओहम आणि सरळ चालीचा. हा बी महत्त्वाचा. आपल्याकडे गावोगाव साउंड सिस्टिम दुरुस्त करणारे आहेत आणि पॉट मागितला की ते अॅम्प्लिफायरच्या आवाजाचा काढून देतात. त्यावर ए छापलेलं असतं. कानासाठी त्याची चाल मुद्दाम वाकडी केलेली असते. तो बसवलात तर रडर एका बाजूला मेलेला आणि दुसऱ्या बाजूला तिखट वाटेल. रोध तोच, अक्षर बी आणि दांडीची लांबी-खाच पूर्वीसारखी, एवढं जुळलंच पाहिजे. घट्ट करण्याआधी पत्ती बरोबर मध्यावर आणा: दोन्ही बाजूंना रोध सारखा. जॉयस्टिक पॉटच्या पूर्ण फेरीतला छोटा तुकडाच वापरते, त्यामुळे मध्य हुकला तर एका बाजूला पल्लाच उरत नाही.

उघडलंच आहे तर मुठीतून खाली येणाऱ्या तारा बघा. पिळणाऱ्या दांड्यात त्या रोज पिळल्या जातात आणि मुठीच्या तळाशी तुटतात. मुठीवरची सगळी बटणं बंद, बुडावरची चालू, असं दिसलं की हेच. २५ वॅटची इस्त्री म्हणजे सोल्डरिंग आयर्न पुरते, पण तार लवचिक, अनेक पदरांची घ्या आणि बोटभर ढिली ठेवा. एकपदरी तार आठवड्यात परत तुटेल.

गायब होण्याची तक्रार. जॉय डॉट सीपीएल उघडं ठेवा आणि तार जॉयस्टिकच्या बुडापाशी आणि पिनेपाशी हळू वाकवा. यादीतून नाव गेलं तर तार तुटलेली. नाही गेलं तर हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) काढा. स्वतःचा अॅडाप्टर नसलेला यूएसबी २ चा हब प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरचीच हमी देतो. दिवे असलेला थ्रॉटल, पेडल आणि दांडा तिघं एकाच हबवर बसले की सगळ्यात अशक्त जोडणी आधी पडते. दांडा थेट लॅपटॉपला, बाकीचे अॅडाप्टरवाल्या हबला. लांबवायची तार जोडली असेल तर एकूण लांबी ५ मीटरच्या आत ठेवा.

मग विंडोज. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी काढून टाका. जितके रूट हब दिसतील तितक्यांवर. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद. लांबच्या उड्डाणात ऑटोपायलट लावून चहाला गेलं की जॉयस्टिक झोपते, ती यामुळे.

आपल्याकडचा एक मुद्दा परदेशी व्हिडिओंत सापडत नाही: अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात, ही त्याची खूण. तीच गळती पॉटवाल्या जॉयस्टिकच्या आकड्यांत थरथर म्हणून दिसते. तपासणं सोपं आहे. रॉ डेटा बघत बघत चार्जर काढा. थरथर थांबली तर जॉयस्टिक निर्दोष, इलेक्ट्रिशियनला बोलवा. वीज जाऊन इन्व्हर्टर लागताना डेस्कटॉपवर जॉयस्टिक सुटत असेल तर त्या क्षणभराच्या खंडालाही हाच न्याय. पीसीसाठी यूपीएस हवा, साध्या इन्व्हर्टरला बदलायला वेळ लागतो.

हॉल सेन्सरवाल्यांसाठी वेगळी सूचना. त्यात घासणारं काही नाही, एक चुंबक आणि त्यासमोर सेन्सर, म्हणून झीज नाही. पण दांड्याला खेटून मोठा स्पीकर ठेवलात तर त्याचं चुंबक मध्य सरकवू शकतं. वीतभर लांब सरकवून बघा.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर दोष गेममध्ये आहे. आणि डावीकडे कलण्याचं माझ्या मते सगळ्यात संभाव्य कारण इथेच आहे: एकच काम दोन ठिकाणी लावलेलं. डीसीएस नवीन उपकरण दिसलं की त्याला स्वतःहून ॲक्सिस वाटून टाकतं. दांड्याला रोल (विमान डावी-उजवीकडे कलणं), ठीक. पण थ्रॉटलवरच्या चाकालाही रोल, पेडललाही रोल. ते चाक मध्यावरून जरा डावीकडे राहिलं की विमान डावीकडे कललं, आणि तुम्ही दांड्याचा डेडझोन वाढवत बसलात. त्याने काय होणार? ऑप्शन्समध्ये कंट्रोल्स, वर विमान निवडा, प्रकारात ॲक्सिस कमांड्स. प्रत्येक उपकरणाचा वेगळा रकाना असतो. रोल, पिच (नाक वर-खाली), रडर आणि थ्रस्ट (थ्रॉटल) या चार ओळींत प्रत्येकी एकाच रकान्यात नोंद राहू द्या, बाकी पुसा. हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं, कंटाळवाणं आहे, इलाज नाही. उड्डाणात उजवं कंट्रोल आणि एंटर दाबलं की कोपऱ्यात लाल रेषांत कंट्रोल कुठे आहेत ते दिसतं. हात सोडून ती फुली मध्यावर आहे का, तेवढं बघा.

फ्लाइट सिम्युलेटरमध्येही तसंच, फक्त प्रत्येक उपकरणाचं वेगळं पान आहे. एक्सबॉक्सचा पॅड जोडलेला असेल तर आधी तो काढा, त्याची डावी काठी हमखास विमानाला चिकटलेली असते. थ्रॉटल अर्ध्यावर भरण्याचं उत्तरही इथेच: यादीत थ्रॉटल ॲक्सिसच्या जवळजवळ सारख्या दोन नोंदी आहेत, एक ० ते १०० टक्के चालीची, दुसरी तशी नाही. जी लागलीय ती पुसून दुसरी लावा. चाल उलटी असेल तर त्याच ओळीतली रिव्हर्सची खूण. डीसीएसमध्ये थ्रॉटलच्या ॲक्सिस ट्यूनमध्ये स्लायडरची खूण करा, नाहीतर डेडझोन पल्ल्याच्या मध्यावर बसतो आणि अर्ध्या जोरावर थ्रॉटल मेल्यासारखा वाटतो.

गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलरच्या पानावर स्टीम इनपुट बंद करा. ते मध्ये बसून जॉयस्टिकला पॅडचं सोंग देतं. काही थ्रॉटलवर पीसी आणि प्लेस्टेशनचा खटका असतो. जुन्या मालात तो प्लेस्टेशनवर राहिलेला सापडतो. यूएसबी काढून खटका बदला, मग जोडा.

आणि पोर्ट ठरवून टाका. दुसऱ्या पोर्टला जोडलं की काही गेमना ती नवी जॉयस्टिक वाटते आणि लावलेलं सगळं पुसल्यासारखं दिसतं. पोर्टशेजारी चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. डीसीएसमध्ये सेव्ह प्रोफाइलने प्रत्येक विमानाची फाइल वेगळी ठेवलीत तर परत लोड करता येते.

कर्व्ह आता, दोष संपल्यावर. टेबलावरचा दांडा वीतभर, खऱ्या विमानातला गुडघ्यांमधून येणारा लांब. सारख्याच कोनासाठी तुमचा हात फार कमी अंतर हलतो, म्हणून मध्यावर चाल मऊ करावी लागते. डीसीएसमध्ये पिच आणि रोलला कर्व्हेचर १५ पासून सुरू करा, २५ च्या वर जाऊ नका. पिळण्याच्या रडरला २० ते ३०. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेन्सिटिव्हिटी उणे २० ते उणे ४० टक्के. थ्रॉटलला काहीच नाही. मध्यावर जेवढं मऊ कराल तेवढं कडेला तीव्र होतं, हा हिशोब चुकत नाही. जॉयस्टिकच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही कर्व्ह असेल तर तिथला सरळ ठेवा, नाहीतर एकावर एक दोन कर्व्ह बसतात. दांडा झिजून टोकाला ९६ टक्क्यांवरच थांबत असेल तर डीसीएसमध्ये सॅच्युरेशन एक्स ९५ करा, म्हणजे ९५ टक्क्यांवरच पूर्ण चाल मिळेल. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात तसं, थोडं घासायचं आणि वाजवून बघायचं. एका वेळी एकच आकडा बदला.

राहिलं विमान. एक पंखा आणि एक इंजिन असलेलं बहुतेक विमान पूर्ण जोरात धावताना डावीकडे ओढतं. पंख्याचा उलटा पीळ, शेपटीवर आदळणारी फिरती हवा आणि नाक वर असताना पंख्याच्या उजव्या पात्यांना मिळणारी जास्त पकड, या सगळ्याने. उजवा रडर द्यायचा असतो, दुरुस्ती करायची नसते. डाव्या टाकीत इंधन जास्त असलं तरीही विमान डावीकडेच कलणार.

खात्री अशी करा. हवामान निरभ्र, वारा शून्य, सेसना १७२, टाक्या सारख्या, इंधनाची चावी दोन्हींवर. फ्लाइट सिम्युलेटरच्या नकाशावर कराडचा प्रीतिसंगम शोधा आणि तिथून थेट हवेतच सुरुवात करा. समुद्रसपाटीपासून ४५०० फुटांवर, कृष्णेच्या प्रवाहाबरोबर सांगलीकडे. नाक स्थिर होईपर्यंत ट्रिम करा (म्हणजे दांडा न धरता नाक टिकेल असं जुळवा), हात सोडा आणि ३० सेकंद मोजा. मग दांडा, थ्रॉटल सगळ्यांच्या यूएसबी काढून तेवढेच ३० सेकंद. दोन्ही वेळा सारखंच कललं तर दोष विमानाच्या तोलाचा, जॉयस्टिकचा नाही. यूएसबी काढल्यावर थांबलं तर वरची डुप्लिकेट नोंद परत शोधा, एखादी राहिली आहे.

नवीन कधी घ्यावी तर: मध्याचा फरक ५ टक्क्यांच्या पुढे गेला असेल, किंवा दांड्याचा सांधा फुटला असेल. पॉट, तार किंवा पिन गेली म्हणून टाकून देऊ नका. घ्यायचीच ठरली तर दुकानात लॅपटॉप घेऊन जा, पैसे मोजण्याआधी जॉय डॉट सीपीएल उघडा आणि डावीकडून-उजवीकडून सोडण्याची ती एकच परीक्षा काउंटरवरच करा.